टाऊ प्रथिनाची घडी आणि चेताऱ्हासाचे विकार : संरचनात्मक जीवशास्त्राच्या दृष्टीतून

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची शृंखला. तिची घडी अमिनो आम्लांच्या क्रमावरूनच ठरते, हे क्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांचे प्रतिपादन असून १९७२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मेंदूतील टाऊ हे प्रथिन मात्र या चौकटीत सहज बसत नाही. निरोगी चेतापेशीत टाऊला निश्चित अशी घडी नसते. सूक्ष्मनलिकांना आधार देणे हे त्याचे कार्य होय. रोगावस्थेत त्याचे रेणू एकावर एक रचले जाऊन तंतू बनतात. त्यामुळे टाऊच्या संदर्भात ‘चुकीची घडी’ ही रूढ संज्ञा काहीशी सैलच म्हणावी लागेल. येथे घडी बिघडत नाही, ती नव्याने पडते.

या तंतूंची अणुस्तरीय रचना २०१७ साली प्रथम उलगडली. केंब्रिज येथील रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत मिशेल गोडर्ट व शोर्स शेरेस यांच्या गटाने अल्झायमर रुग्णाच्या मरणोत्तर मेंदूतून तंतू वेगळे केले व अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम विभेदनापर्यंत त्यांची रचना निश्चित केली. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) तंतूच्या गाभ्यात शृंखलेचा ३०६ ते ३७८ हा भाग इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळलेला आढळला. पुढील वर्षी पिक रोगातील टाऊची घडी ‘जे’ अक्षरासारखी दिसून आली. २०२० मध्ये कॉर्टिकोबेसल ऱ्हासात आणखी वेगळी, चार थरांची घडी आढळली. प्रथिन एकच, परंतु या तिन्ही रोगांतील घडी निराळी, असे हे चित्र आहे.

याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष २०१९ चा होता. प्रयोगशाळेत टाऊचे तंतू तयार करण्यासाठी हेपरिन हे द्रव्य वर्षानुवर्षे वापरले जात होते. असे तंतू रुग्णांच्या मेंदूतील तंतूंशी जुळत नसल्याचे त्या वर्षी स्पष्ट झाले. तंतूनिर्मिती रोखणाऱ्या संयुगांची चाचणी अशा तंतूंवर झाली असेल, तर ती रोगातील घडीवर झालीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. २०२२ मध्ये याच प्रयोगशाळेतील संशोधकांनी शृंखलेचा २९७ ते ३९१ हा तुकडा व योग्य क्षार वापरून, हेपरिनविना, अल्झायमरमधील घडी परीक्षानळीत घडवली.

तथापि मेंदूतून मिळणारे तंतू मृत्यूनंतरचे असतात. शिवाय ते वेगळे करताना वापरलेल्या अपमार्जकात जे विरघळते, ते रचनाचित्रात येत नाही. पहिली घडी कोणत्या पेशीत व कशामुळे पडते, याचे उत्तर या चित्रांतून मिळत नाही.