बांधावरची वाट
झाडांत सावकाश, निर्हेतुकपणे चालण्यास जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’, म्हणजे अरण्यस्नान, असे नाव दिले. आम्हां गोमंतकीयांना त्यासाठी दूर जावयास नको. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरावे. खारफुटीतले सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्यालगतच आहे. विस्तार अवघा १.७८ चौरस किलोमीटर. पण ओहोटीच्या चिखलातून वर आलेली श्वासमुळे आणि खंड्याची निळी झेप पाहता पाहता पाऊल मंदावते, कचेरीतली कटकट मागे पडते. (डासांविषयी आमची तक्रार आहेच.) मात्र खाजणांच्या बांधांवरील जी वाट वाडवडिलांना घरापाशीच लाभली होती, ती बांध फुटल्याने कित्येक ठिकाणी खाऱ्या पाण्याखाली गेली आहे. इस्पितळांवर खर्च करणाऱ्या सरकारने या बांधांच्या डागडुजीकडेही लक्ष पुरवावयास नको काय?