मातीत गेलेलं पिल्लू झोपलेलंच असेल असं नाही

थंडी पडली की ब्रिटनमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून हमखास विचारणा होते : "पिल्लू सारखं मातीत शिरतंय. शीतनिद्रेत गेलं असेल ना? मार्चमध्ये उठेल आपोआप?" मुलांच्या हट्टाखातर घरी आलेलं हे कासव बहुधा हॉर्सफील्ड जातीचं असतं, दुकानदार त्याला रशियन टॉर्टॉइजही म्हणतात. 'आपोआप उठेल' या भरवशावर पिल्लं दगावतात, म्हणून याच समजापासून सुरुवात करते.

हे कासव मूळचं कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, इराण या पट्ट्यातलं. तिथला उन्हाळा भाजून काढतो, हिवाळा गोठवतो. हिरवा पाला मिळतो तो वसंतातल्या थोड्या महिन्यांत. उरलेला बराच काळ ते बिळात काढतं. पुढच्या प्रत्येक पायाला चार दणकट नख्या असतात, आणि त्यांच्या जोरावर ते दोन मीटरपर्यंत बीळ खणतं. तेव्हा खणणं हा आजार नाही आणि झोपेची खूणही नाही. पिल्लू रात्री मातीत जाऊन सकाळी दिव्याखाली येत असेल, खात असेल, तर त्याला उकरून काढू नका. रोज उकरलेलं पिल्लू धास्तावतं आणि आणखी खोल जातं.

दोनतीन दिवस ते वर आलंच नाही, तर मात्र पहिल्यांदा तापमान मोजा. कासवाला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. खाल्लेलं पचवायलाही बाहेरचीच उष्णता लागते. दिव्याखाली, पाठीच्या उंचीवर, 32 ते 35 अंश सेल्सिअस हवेत आणि पेटीच्या थंड टोकाला साधारण 20. आपण स्वेटर घालून 17 अंशांच्या खोलीत मजेत बसतो, पण दिवा बंद पडलेला असेल तर तेवढ्यात पिल्लाची भूक मरते. दुसरीकडे, खरी शीतनिद्रा लागते 5 अंशांच्या आसपास. या दोहोंच्या मधे अडकलेलं पिल्लू ना धड जागं असतं ना धड झोपलेलं. खात काही नाही, अंगातला साठा मात्र जळत राहतो आणि पोटातलं अन्न न पचता कुजायला लागतं. जाणकार ज्या अवस्थेला सर्वांत जास्त घाबरतात, ती ही.

शीतनिद्रा द्यायचीच, तर ती नीट तयारीनं द्यावी लागते. आधी पशुवैद्याकडून तपासणी, मग अन्न बंद करून दोनतीन आठवडे नुसती कोमट पाण्याची अंघोळ, म्हणजे आतडं रिकामं होतं. त्यानंतर 4-5 अंशांवर स्थिर ठेवलेला फ्रिज, अधूनमधून दार उघडून खेळती हवा आणि वजनाची नोंद. तापमान शून्याखाली गेलं तर डोळे जाऊ शकतात. 10च्या वर गेलं तर झोप चाळवते. जंगलात लहान पिल्लंही झोपतात हे खरं, पण आपण नवखे असू तर पहिला हिवाळा त्याला जागं आणि उबेत ठेवावं, हे माझं ठाम मत आहे. एक हिवाळा झोप चुकली म्हणून त्याचं काही बिघडत नाही.

"कासव काय, महिनोन् महिने उपाशी राहतं," हेही नेहमी ऐकू येतं. सप्टेंबर 1968 मध्ये सोव्हिएत संघानं झोंड-5 यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून आणली. यान हिंदी महासागरात उतरलं आणि मुंबईमार्गे मायदेशी गेलं. उपाशी राहिलेल्या त्या कासवांचं वजन सुमारे 10 टक्क्यांनी घटलं होतं. ती जगली खरी, पण 10 टक्के हा आकडा ध्यानात ठेवा : शीतनिद्रेत वजन तितकं उतरू लागलं, तर कासवाला जागं करावं लागतं. 40 ग्रॅमच्या पिल्लाचे 4 ग्रॅम गेलेले हाताला कळत नाहीत. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, दर आठवड्याला त्याच वारी वजन करा आणि वहीत लिहा.

पेटीखाली गरम चटई घालून पिल्लाला ऊब देणं धोक्याचं आहे. निसर्गात ऊन वरून येतं आणि खाली खणलं की गारवा मिळतो. चटई हे उलटं करते. गारव्यासाठी खणणारं पिल्लू थेट चटक्यावर जाऊन बसतं. खिडकीतलं ऊनही पुरत नाही, कारण कवच आणि हाडांसाठी लागणारे यूव्हीबी किरण साधी काच अडवते. त्यासाठी खास दिवा लागतो, आणि तो प्रकाश देत असला तरी त्यातले हे किरण काही महिन्यांनी क्षीण होतात, म्हणून मुदतीत बदलायचा.

पाण्याबद्दलचा गैरसमज मला सगळ्यांत जास्त खटकतो. "वाळवंटातला प्राणी, त्याला कशाला पाणी?" पण बिळाच्या तळाशी ओल असते, आणि पिल्लू कित्येकदा त्या ओलीसाठीच खाली जातं. हीटिंगनं कोरड्या पडलेल्या घरात तर हमखास. बागेची खत न घातलेली माती आणि खेळण्यासाठीची धुतलेली वाळू यांचं मिश्रण निदान 10-15 सेंटिमीटर खोल असावं. मूठभर घेऊन दाबलं की लाडवासारखं वळलं पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. वरचा थर कोरडा, तळ ओलसर. शिवाय आठवड्यातून तीनचार वेळा, हनुवटीच्या खाली राहील इतक्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं. पाठीवर टेंगळं येतात ती जास्त प्रथिनांमुळे, असं पूर्वी सर्रास सांगत. आफ्रिकेतल्या सुल्काटा पिल्लांवर 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र कोरड्या हवेचा वाटा कितीतरी मोठा निघाला.

हे वाचून पुण्या-मुंबईत कुणी चांदणी पाठीचं कासव पाळायला घेऊ नये. ती जात शीतनिद्रा घेत नाही, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पाळणं गुन्हा आहे. घरात कासव ठेवलं की पैसा येतो, या समजुतीपायी ही कासवं रानातून उचलली जातात. कुणाकडे असेलच तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.

नाकातून बुडबुडे, सुजलेले किंवा न उघडणारे डोळे, उघड्या तोंडानं श्वास, उचलल्यावर लुळे लोंबणारे पाय : यातलं काहीही दिसलं तर 'दिवा वाढवून बघू' म्हणत थांबू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. पिल्लू उबदार डब्यात न्या आणि सोबत वजनाची वही, तापमानाचे आकडे आणि पेटीचा फोटो घ्या.