पोकळीतला फेस आणि मोटारीचा सांगाडा

जोंधळ्याचे वाळलेले ताट आपण पाहिले असेल. बाहेरची साल पातळ व कठीण. आत पांढरे, हलके भेंड. भेंड वेगळे काढले तर चिमटीत चुरडते, नुसती साल सहज मुडपते. परंतु दोन्ही एकत्र असतात तेव्हा ते उंच ताट कणसाचा भार पेलून वाऱ्यात उभे राहते. मोटारीच्या सांगाड्यात फुगून कठीण होणारा फेस भरतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

पूर्वीच्या मोटारींत पोलादी तुळयांची जड चौकट असे आणि तिच्यावर बैठकीचा डबा बसवीत. इटलीतील लान्सिया कारखान्याने १९२२ मध्ये लॅम्डा ही मोटार लोकांपुढे आणली; तिच्यात मोटारीची काया हाच तिचा सांगाडा होता. २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले, ती आपल्या परिचयाची ॲम्बॅसेडरही याच कुळातली. अशा कायेतील दाराचे खांब, उंबरे, छपराच्या कडा म्हणजे पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्याच होत. एक चाक खड्ड्यात गेले, की ही सारी काया पिळली जाते; मग दारे करकरतात आणि वळणावर गाडीची चाल ढिली वाटते.

अशी पेटी दाबली असता पत्रा तुटण्यापूर्वीच आत मुडपतो. तिचा आकार बिघडला, की तिचे बळही सरते. फेस या मुडपण्याला अटकाव करतो. पोलादाचा ताठपणा फेसाच्या हजारो पट असतो. तेव्हा भार वाहतो तो पत्राच, फेस त्याला जागेवर धरून ठेवतो.

या कामी येणाऱ्या पॉलियुरेथेनचा शोध ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९३७ मध्ये लावला. दोन द्रव एकत्र केले की उष्णता निर्माण होते, वायूचे बुडबुडे उठतात आणि मिश्रण फुगून काही मिनिटांत घट्ट होते. कारखान्यांत इपॉक्सीचे तुकडेही पोकळीत बसवितात. रंग भाजण्याच्या भट्टीत ते फुगून पत्र्याला चिकटतात. उष्णतारोधासाठी वापरतात तो घनमीटरला तीसेक किलो वजनाचा फेस येथे कुचकामी आहे. त्याहून कित्येक पट घन फेस लागतो.

मग सगळ्याच पोकळ्या का भरू नयेत? कारण अपघातात मोटारीचा पुढचा भाग चुरडलाच पाहिजे. १९५९ मध्ये मर्सिडीज-बेंझने अशी रचना बाजारात आणली: पुढचा व मागचा भाग चुरडून धक्का पचवितो आणि मधली बैठक अभंग राहते. पुढच्या तुळया फेसाने ताठ केल्या, तर तोच धक्का प्रवाशांच्या छातीपर्यंत पोहोचेल. म्हणून फेसाची योग्य जागा म्हणजे बैठकीभोवतीचे खांब, उंबरे आणि त्यांचे सांधे.

हौसेने हे काम करू पाहणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या द्रवांतील आयसोसायनेटाच्या वाफेने दम्याचा विकार जडू शकतो. उंबऱ्यातील पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजली, तर पत्रा आतून गंजतो आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. फेस भरलेल्या भागाला पुढे वेल्डिंग केल्यास तो पेटून विषारी धूर सोडतो. आणि एकदा भरलेला फेस सहजासहजी काढता येत नाही. यास्तव गंज काढणे, वेल्डिंग, छिद्रांची तपासणी ही सर्व कामे आधी उरकावीत आणि फेस अगदी शेवटी भरावा.