कुत्र्याच्या श्वासातून प्रथिनांचा हिशेब

प्रौढ कुत्र्याला रोज किती प्रथिने लागतात हा प्रश्न प्राणिशास्त्राचा. पण त्याचे नेमके उत्तर मिळवायला भौतिकशास्त्रातले एक उपकरण उपयोगी पडले. ते कसे, हे आपण पाहू.

प्रथिने म्हणजे सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या. त्यांपैकी दहा आम्ले कुत्र्याच्या शरीराला पुरेशी तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. म्हणून खरा प्रश्न असा, की या दहांपैकी प्रत्येक किती हवे?

जुन्या छापखान्यातला जुळारी आठवा. 'र' या अक्षराचे खिळे संपले की बाकीचे खिळे ढिगाने असूनही मजकूर पुढे जुळत नाही. शरीराचेही तसेच होते. फरक इतकाच, की छापखान्यात उरलेले खिळे उद्या वापरता येतात. शरीराला मात्र उरलेली अमिनो आम्ले साठवता येत नाहीत. ती जाळली जातात.

जुनी रीत

प्रथिनांत वजनाने सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. अन्नातून आत गेलेला नायट्रोजन आणि मलमूत्रातून बाहेर पडलेला नायट्रोजन मोजायचा व वजाबाकी करायची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ यांनी १९४० च्या दशकात याच रीतीने माणसाच्या गरजा शोधल्या.

पण दोन मोठ्या संख्यांमधला लहान फरक काढताना काय होते, हे प्रयोगशाळेत काम केलेल्यांना ठाऊक आहे. १०० आणि ९७ या मापनांत प्रत्येकी दोन टक्के चूक असेल, तर ३ या उत्तरावर भरवसा कसा ठेवायचा? शिवाय गळलेल्या केसांतला नायट्रोजन हिशेबातून निसटतो, आणि दर मापनासाठी कुत्र्याला बरेच दिवस अपुऱ्या अन्नावर ठेवावे लागते.

खूण केलेला कार्बन

नव्या रीतीत ज्या आम्लाची गरज मोजायची, समजा लायसिन, त्याचे प्रमाण पायरीपायरीने बदलतात. त्याच वेळी फिनिलअॅलनिन हे दुसरे आम्ल ठरावीक प्रमाणात देतात. त्यातला एक कार्बन अणू १३ वस्तुमानांकाचा असतो. हा समस्थानिक किरणोत्सारी नाही. निसर्गातल्या कार्बनमध्ये तो सुमारे १.१ टक्का असतोच.

लायसिन कमी पडले की प्रथिनांची जुळणी अडते, फिनिलअॅलनिन उरते आणि जळते. त्याचा खुणेचा कार्बन उच्छ्वासातल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधून बाहेर येतो. कुत्र्याला हवा खेळती असलेल्या पारदर्शक कक्षात बसवून, थोड्याथोड्या वेळाने लहान घास देत ही हवा गोळा करतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर आपले काम करतो. चुंबकीय क्षेत्रात ४५ वस्तुमानाचा आयन ४४ च्या आयनापेक्षा कमी वळतो, म्हणून दोघांची मोजणी वेगवेगळी होते. सुई नाही, इजा नाही आणि एका पायरीला थोडे दिवस पुरतात.

ही रीत १९८० च्या दशकात डुकराच्या पिलांवर वापरली गेली. पुढे कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी तिने प्रौढ डॅक्सहुंड, बीगल आणि लॅब्राडोर कुत्र्यांच्या गरजा मोजल्या.

तुम्ही करून पाहा

आलेख-कागद घ्या. समजा, लायसिनचे प्रमाण १, २, ३, ४, ५, ६ असताना उच्छ्वासातली खूण अनुक्रमे २०, १६, १२, ९, ९, ९ आली. पहिल्या तीन बिंदूंतून एक तिरपी रेषा व शेवटच्या तिघांतून एक आडवी रेषा काढा. त्या ३.७५ वर छेदतात. हीच गरज! ३.७५ वर प्रत्यक्ष मापन झालेच नव्हते, तरी आलेखाने ती दाखवली.

मात्र ही सरासरी झाली. तेवढेच अन्नात घातले, तर जवळजवळ निम्म्या कुत्र्यांना ते कमी पडेल. म्हणून आहाराच्या शिफारशी या आकड्याच्या वर ठेवतात. आपल्याकडे पुष्कळ घरी कुत्र्याला नुसती पोळी किंवा भाकरी घालतात. धान्यात लायसिन कमी असते. अशा कुत्र्याचे पोट भरते, पण जुळणी अडलेलीच राहते.