भिंतीवरचा शत्रु

मुंबईहून निघालेली गाडी थळ घाट चढून इगतपुरीस क्षणभर विसावते. दुसऱ्या महायुद्धांत देवळालीच्या लष्करी तळाकडे जाणाऱ्या गोऱ्या पलटणी याच वाटेनें गेल्या. त्यांतील कितीजणांनीं जपानी मनुष्य प्रत्यक्ष पाहिला असेल? पाहिलें असेल तें त्याचें चित्र.

भिंतीवरचा कागद वाटसरूनें चालतां चालतां वाचावयाचा. तेथें युक्तिवादाला सवड कोठली? म्हणून चित्रकार पाहणाऱ्याच्या मनांत आधींच दडलेल्या तुच्छतेला हांक मारी. १९१७ सालीं हॉप्स नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें जर्मन सैनिकाला शिरस्त्राण घातलेला गोरिला बनविलें व त्याच्या कवेंत एक गोरी स्त्री दिली. अमेरिकेंत काळ्या लोकांविषयीं पोसलेली भीति येथें जर्मनाच्या अंगावर चढविली, इतकेंच!

दुसऱ्या युद्धांत मात्र एक भेद दिसतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जर्मनीशीं वैर दाखवितांना बहुधा हिटलर किंवा त्याचा पक्ष पुढें येई. जपानच्या बाबतींत अवघा वंशच वानर, साप, पुढें आलेले दांत व जाड चष्मा यांनीं रंगविला जाई. ज्या पूर्वग्रहावर हीं चित्रें पोसलीं, तो कागदापुरता राहिला नाहीं. १९४२ पासून अमेरिकेनें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० रहिवाशांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलें. त्यांतील दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. जर्मन वंशाच्या लोकांवर असें सरसकट संकट आलें नाहीं. जपानही मागें नव्हता. आशियाच्या बंधुत्वाची साद घालणाऱ्या त्याच्या प्रचारांत इंग्रज-अमेरिकन हे राक्षस व पशु होते.

इटलींतील उदाहरण आपल्या अधिक जवळचें आहे. १९४४ मध्यें बोकासिले या चित्रकारानें फॅसिस्टांसाठीं काढलेल्या पत्रकांत एक काळा अमेरिकन सैनिक व्हीनसच्या शुभ्र पुतळ्याला कवटाळून उभा आहे, आणि पुतळ्यावर किंमत आहे दोन डॉलर. त्याच वर्षीं १० जुलै रोजीं मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे इटलींतच, टायबरच्या खोऱ्यांत, धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

परंतु त्यांना तेथें धाडणारें सरकारही वंशकल्पनेपासून मुक्त नव्हतें. कांहीं जाति जन्मतःच लढवय्या व इतर तशा नव्हेत, असें ठरवून त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धांत गरज पडतांच त्यांची पलटण उभारली आणि १९२१ सालीं ती मोडली. पुढें १९४१ सालीं, पुन्हा माणसें हवीं झालीं तेव्हां, बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहिली.