केंट परगण्याचा चित्रनकाशा

नकाशा आपल्याला प्रथम भेटतो तो शाळेच्या भिंतीवर. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, सीमा तुटक रेघांच्या; माणूस मात्र त्यात कोठेच नसतो. परंतु नकाशांची आणखी एक जात आहे. तीत किल्ले, चर्चे, जहाजे, फळबागा आणि लढाया चितारलेल्या असतात. कडेला कुलचिन्हे, कोपऱ्यात दिशाचक्र आणि वेलबुट्टीच्या महिरपीत परगण्याचे नाव असते. असा नकाशा हाती घेऊन कोणी वाट शोधीत नाही. तो दिवाणखान्यात टांगण्यासाठी असतो. इंग्लंडातील प्रत्येक परगण्याला, म्हणजे तेथील ‘कौंटी’ला, असा चित्रनकाशा भूषणाचा वाटत आला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात त्या युद्धाच्या खुणांचीही भर पडली. असा नकाशा वाचावा कसा, हे आपण केंट या परगण्याच्या उदाहरणाने पाहू.

प्रथम या नकाशांचे कूळ पाहिले पाहिजे. इंग्लंडातील परगण्यांचे नकाशे पद्धतशीरपणे प्रथम काढले ते ख्रिस्टोफर सॅक्स्टन याने. त्याचा संग्रह १५७९ साली पुरा झाला. पुढे जॉन स्पीड याने १६११–१२ च्या सुमारास आपला प्रसिद्ध नकाशासंग्रह काढला. स्पीड हा व्यवसायाने शिंपी, पण इतिहासाचे वेड जबर. मोजणीचे काम त्याने बव्हंशी इतरांचेच घेतले आणि तसे मोकळेपणाने कबूलही केले. त्याने स्वतःची भर घातली ती इतिहासाची. लीस्टर परगण्याच्या नकाशात १४८५ मधील बॉसवर्थची लढाई आली. केंटच्या नकाशात कँटरबरी आणि रॉचेस्टर या शहरांचे आराखडे कोपऱ्यांत बसले. भूगोलाच्या कागदावर इतिहास मांडण्याची ही रीत तेव्हापासून रूढ झाली.

दुसरी शाखा लष्करी. फ्रान्सशी युद्ध चालू असताना शत्रू दक्षिण किनाऱ्यावर उतरेल या भीतीने ब्रिटिश तोफखाना खात्याने मोजणी हाती घेतली आणि एक इंचास एक मैल या प्रमाणाचा पहिला नकाशा १८०१ साली प्रसिद्ध झाला. तो केंटचाच होता! आज इंग्लंडातील प्रत्येक पदयात्री ज्या सरकारी नकाशांवर विसंबतो, त्यांचा जन्म या परगण्याविषयीच्या काळजीतून झाला. कारणही उघड आहे. डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपासून फ्रान्सचा किनारा जेमतेम ३३ किलोमीटर दूर. इसवी सनापूर्वी ५५ मध्ये ज्यूलियस सीझर याच किनाऱ्यावर उतरला होता.

विसाव्या शतकात चित्रनकाशाला पुन्हा बहर आला. मॅक्डॉनल्ड गिल या चित्रकाराने १९१४ साली लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एक विनोदी, रंगीत नकाशा काढला आणि तो कमालीचा लोकप्रिय झाला. हाच गिल पुढे पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या समाधीशिलांसाठी अक्षरांचे वळण ठरवून देतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्सवाचा नकाशा आणि मृतांचे नाव, दोन्ही एकाच हाताची कामे होती.

आता केंटचा नकाशा समोर धरू. माथ्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा आणि ‘इन्व्हिक्टा’, म्हणजे ‘अजिंक्य’, हे ब्रीद. १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमलाही केंटने शरण न जाता तह करावयास लावले, अशी या ब्रीदामागची दंतकथा आहे. मध्यभागी सफरचंदांच्या व चेरीच्या बागा. या परगण्याला ‘इंग्लंडची बाग’ म्हणतात. शेजारी शंकूसारख्या छपरांची घरे दिसतात, ती राहण्याची घरे नव्हेत. बिअरसाठी लागणारे हॉप नावाच्या वेलाचे तुरे वाळविण्याच्या त्या भट्ट्या आहेत. पूर्वेला कँटरबरी. तेथे ५९७ साली ऑगस्टीन हा धर्मोपदेशक आला आणि ११७० साली तेथील महामंदिरातच आर्चबिशप टॉमस बेकेट याचा खून झाला. उत्तरेला मेडवे नदीकाठी चॅटमची गोदी; नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज १७६५ मध्ये येथेच पाण्यात लोटले गेले. पश्चिमेला डाउन हे खेडे, जेथे डार्विनने आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे काढली.

येथवर सारे गोड आहे. या चित्रांच्या वर विमाने दिसू लागतात तेव्हा मात्र नकाशाचा सूर बदलतो. १९४० च्या मे महिन्यात डोव्हरच्या किल्ल्याखालील भुयारांतून नौसेनापती रॅम्झी याने डंकर्कच्या माघारीची सूत्रे हलविली. ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक समुद्रापार आणले गेले. त्यानंतर उन्हाळाभर केंटच्या आकाशात विमानांची लढाई चालली. बिगिन हिलच्या विमानतळावर ३० ऑगस्टच्या हल्ल्यात ३९ माणसे मेली. विमानदलातील तीन स्त्रियांना तेथील धैर्याबद्दल पदके मिळाली; त्यांपैकी एक न फुटलेल्या बॉम्बांशेजारी लाल निशाणे रोवीत हिंडली होती. १९४२ च्या जूनच्या पहिल्याच रात्री कँटरबरीवर बॉम्बवर्षाव झाला. ब्रिटिशांनी कोलोन शहर जाळल्याचा तो सूड होता. भोवतालच्या पेठा जळाल्या. छपरावर पहारा करणाऱ्यांनी आगीचे बॉम्ब खाली ढकलून दिल्याने महामंदिर मात्र वाचले.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. याच १९४० सालच्या उन्हाळ्यात शत्रूच्या छत्रीधारी सैनिकांना वाट सापडू नये म्हणून इंग्लंडातील रस्त्यांवरचे दिशादर्शक खांब उपटण्यात आले. मैलांचे दगड काढले किंवा त्यांवरील अक्षरे नाहीशी केली. रेल्वे स्थानकांच्या पाट्या उतरल्या, दुकानांवरच्या पाट्यांतील गावांची नावे पुसली गेली. मोठ्या प्रमाणाच्या नकाशांच्या विक्रीवर निर्बंध आले. अनोळखी माणसाने वाट विचारली तर सांगावी की नाही, असा प्रश्न साध्या शेतकऱ्याला पडला. म्हणजे केंटच्या माणसाने आपला परगणा वाचविण्यासाठी प्रथम त्याचे नाव पुसले. युद्ध संपल्यावर निघालेल्या चित्रनकाशाची गोडी यामुळे समजते. त्यावर प्रत्येक गावाचे नाव ठसठशीत, नटवून लिहिलेले असते. ज्याच्या गावाची पाटी कधी उतरलीच नाही, त्याला ती केवळ सजावट वाटेल. केंटच्या माणसाला ती आपल्या मालकीची परतफेड वाटली असेल, तर नवल नाही.

तथापि उत्सवाचा नकाशा सगळे सांगत नाही. १३ जून १९४४ रोजी जर्मनांचा पहिला उडता बॉम्ब केंटमधील स्वान्सकोम येथे पडला. यांचे लक्ष्य होते लंडन, आणि वाटेत होता केंट. पुढे विमानविरोधी तोफा किनाऱ्यावर हलविल्या आणि लढाऊ विमाने या बॉम्बांना राजधानीपूर्वीच पाडू लागली. पाडलेला बॉम्ब कोठे तरी पडणारच. तो केंटच्या शेतांवर आणि घरांवर पडला. लंडन जितके वाचले तितके केंटने सोसले. ‘केंट मेसेंजर’ या स्थानिक वृत्तपत्राने या बॉम्बांच्या जागा दाखविणारा नकाशा छापला. त्यात घोडा नाही, बाग नाही. नुसत्या खुणा, एकीशेजारी एक. हे दोन नकाशे शेजारी टांगले तरच परगण्याचे युद्ध पुरते कळते. एक अभिमान सांगतो, दुसरा किंमत.

माणसेही अशीच सुटतात. डंकर्कहून परतलेल्या सैन्यात भारतीय लष्कराच्या खेचर-तुकड्यांतील जवान होते. महिंदरसिंग पुजी हा भारतीय वैमानिक १९४१ साली ब्रिटिश विमानदलातून हरिकेन विमाने चालवीत होता. उत्तरायुष्यात तो केंटमधील ग्रेव्हझेंड येथे राहिला. महिरप आणि घोड्याच्या मधोमध यांना जागा मिळणे कठीणच होते. ग्रेव्हझेंडमध्ये पुजीचा पुतळा उभा राहिला तो २०१४ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

शेवटी एक सावधगिरी. युद्धानंतरच्या वर्षांत काढलेल्या नकाशावर बिगिन हिल आणि डार्विनचे डाउन केंटमध्ये दिसतात. १९६५ साली बृहत् लंडनची रचना झाली तेव्हा ही दोन्ही गावे लंडनमध्ये गेली. म्हणून असा नकाशा चुकीचा ठरत नाही. तो आपल्या वर्षाचा ठरतो. तेव्हा जुना चित्रनकाशा हाती आला की तीन गोष्टी विचाराव्यात: तो कोणत्या साली काढला, त्याआधी त्या लोकांवर काय गुजरले होते, आणि कोणाला त्यात जागा मिळाली नाही. एवढे विचारले की भिंतीवरचे चित्र इतिहासाचा कागद होऊन बोलू लागते.