ज्ञान आणि सत्ता – लेखांक ४ : कोऱ्या उत्तरपत्रिकेचा नायक

गेल्या आठवड्यात आपण निकोलाय वाव्हिलोव्ह यांची शोकांतिका पाहिली. जगभर हिंडून पिकांचं बियाणं गोळा करणारा हा सोव्हिएत शास्त्रज्ञ १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मरण पावला. तिथे सत्तेने विद्वानाला उघडउघड चिरडलं. आजची चीनमधली हकिगत अधिक अवघड आहे, कारण तिची सुरुवात एका खऱ्याखुऱ्या गाऱ्हाण्यापासून होते.

१९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा बंद पडली. प्राध्यापक-शिक्षकांची गणना वर्गशत्रूंच्या रांगेत होऊ लागली. शहरांतल्या लाखो मुलामुलींना खेड्यांत शेतीकामाला धाडलं गेलं. १९७० पासून विद्यापीठांची दारं हळूहळू उघडली, पण प्रवेश शिफारशीवर होता. कामगार, शेतकरी आणि सैनिक यांच्यातून लोकांनी नाव सुचवायचं, स्थानिक नेतृत्वाने ते मंजूर करायचं आणि विद्यापीठाने तपासून घ्यायचं. १९७३ मध्ये या शिफारशीला लेखी परीक्षेची जोड मिळाली.

त्या उन्हाळ्यात लिआओनिंग प्रांतात झांग त्येशेंग हा तरुण परीक्षेला बसला. १९६८ पासून तो खेड्यात राबत होता, उत्पादन तुकडीचा प्रमुख होता. भाषेत त्याला ३८ गुण पडले, गणितात ६१. भौतिक आणि रसायनशास्त्राच्या एकत्रित पेपरात मात्र अवघे ६. त्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूला त्याने ‘माननीय नेत्यांना’ पत्र लिहिलं. दिवसाचे अठरा-अठरा तास शेतात जातात, अभ्यासाला वेळच उरत नाही. आणि कामधाम सोडून पुस्तकं घेऊन बसलेले पुढे निघून जातात, असा त्याचा सूर होता. आपला विचार व्हावा, अशी विनवणीही होती.

प्रांतात सत्तेवर असलेले माओंचे पुतणे माओ युआनशिन यांनी हे पत्र बरोबर हेरलं. काटछाट करून ते १९ जुलैला ‘लिआओनिंग दैनिका’त छापून आलं आणि १० ऑगस्टला ‘पीपल्स डेली’ने देशभर पोचवलं. गणितात ६१ गुण मिळवणारा मुलगा ‘कोऱ्या उत्तरपत्रिकेचा नायक’ म्हणून गाजला. त्याला कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर चांगले गुण मिळवणाऱ्यांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. १९७५ साली आलेल्या एका चित्रपटात महाविद्यालयाचा प्रमुख उमेदवाराचा हात उंचावून दाखवतो आणि हातावरचे घट्टे हीच याची पात्रता, असं ठणकावून सांगतो.

झांगच्या पत्रातलं दुःख मला खोटं वाटत नाही. दिवसभर चिखलात उभं राहून रात्री दिव्याखाली रसायनशास्त्र शिकणं सोपं नसतं. परीक्षा सगळ्यांना एकच असली तरी तिच्यापर्यंत पोचण्याची वाट सगळ्यांना सारखी नसते. ही तक्रार कोणत्याही न्यायी समाजाने ऐकलीच पाहिजे. ती ऐकणाऱ्या सरकारने काय केलं असतं? त्या मुलाला कामातून सुट्टी दिली असती, गावात शिक्षक पाठवला असता, पुस्तकं पुरवली असती. चीनच्या तेव्हाच्या नेतृत्वाने यातलं काही केलं नाही. त्याने कष्टकऱ्याच्या संतापाला ज्ञानाची दिशा दाखवण्याऐवजी ज्ञानाविरुद्ध उभं केलं. विद्वत्तेचा द्वेष राजकारणात असाच रुजतो. विषमता खरी असते, पण तिचं खापर शिकणाऱ्याच्या माथ्यावर फोडलं जातं.

याचा फायदा कुणाला झाला? १९७४ च्या जानेवारीत नानजिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने प्रवेश सोडत असल्याचं जाहीर केलं. तो लाँग मार्चमध्ये चाललेल्या एका सेनाधिकाऱ्याचा मुलगा. वडिलांच्या ओळखीने, मागच्या दाराने आपण आत आलो, असं त्याने स्वतःच लिहून दिलं. असे प्रवेश तेव्हा सर्रास चालत होते. गुणांचं मोल गेलं तेव्हा त्यांची जागा समतेने घेतली नाही. ती वशिल्याने घेतली. शेतकऱ्याच्या मुलाच्या नावाने उघडलेलं दार अधिकाऱ्याच्या मुलाला सहज सापडलं, कारण शिफारस लिहिणारा हात कुणाचा, हे त्याच्या घरात ठाऊक होतं.

माओंच्या मृत्यूनंतर नेतृत्वात परतलेल्या देंग शिआओपिंग यांनी १९७७ च्या ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञ आणि शिक्षकांची बैठक बोलावली. वुहान विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ चा छुआनशिंग यांनी तिथे उठून मागणी केली की परीक्षा परत आणा, आणि याच वर्षी आणा. देंग यांनी ती मान्य केली. त्या हिवाळ्यात सुमारे ५७ लाख उमेदवार परीक्षेला बसले. प्रवेश मिळाला जेमतेम पावणेतीन लाखांना. शेतांतून, कारखान्यांतून आलेल्या त्या गर्दीत विशीतली मुलं होती, तिशी ओलांडलेलेही होते. अकरा वर्षांची शिक्षणाची भूक त्या एका परीक्षेत दिसली. शंभरातल्या पंचाण्णवांना नकार मिळाला, तरी तो कुणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता.

परीक्षा म्हणजे न्याय नव्हे, हे मान्यच आहे. तिच्या मागे चांगल्या शाळा, वेळ आणि पोटभर अन्न उभं करावं लागतं. पण ‘हुशारी हीच अन्याय’ असं जेव्हा एखादा नेता गरिबाला सांगू लागतो, तेव्हा त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: मग निवड कोण करणार? चीनने या प्रश्नाच्या उत्तरासाठी एका पिढीची शिकण्याची वर्षं मोजली.

(पुढील लेखांकात : १९५२ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक आणि ॲडलाय स्टीव्हन्सन)